पेपरवर दबाव कुठून येतो? नागपूरच्या वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान वाचकांच्या पत्रांतून जमत गेलं आहे. प्रश्न दोन हंगामांत जास्त येतात: निवडणूक लागली की, आणि डिसेंबरात अधिवेशन नागपुरात आलं की. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पेपरवर दबाव असतो म्हणतात, म्हणजे नेमकं काय? मंत्री फोन करून बातमी थांबवतो का?

फोन येतात. पण फोन हा दबावाचा सगळ्यात सोपा प्रकार, कारण तो कोणी केला हे कळतं आणि ‘साहेब, पान छपाईला गेलं’ असं सांगून तो ठेवताही येतो. खरा दबाव फोनशिवाय चालतो. कोणत्या बिल्डरची, कोणत्या शिक्षणसंस्थेची, कोणत्या हॉस्पिटलची जाहिरात दर आठवड्याला येते, हे डेस्कवर नव्याने आलेल्या मुलालाही महिनाभरात कळतं. मग त्या विषयाची बातमी कोणी अडवत नाही, कारण ती कोणी आणतच नाही. म्हणून एखाद्या पेपरवर किती दबाव आहे हे छापलेल्या बातम्यांवरून मोजू नका. चार पेपर शेजारी ठेवून कोणत्यात काय नाही, ते पाहा.

२. संविधानाला पंचाहत्तर वर्षं होऊन गेली. अजून आपली लोकशाही ‘तरुण’ कशी?

पेपरच्या वयाशी ताडून पाहा. अच्युत बळवंत कोल्हटकरांचा ‘देशसेवक’ आणि माधवराव सप्रे यांचा ‘हिंदी केसरी’ नागपुरातून निघत होते आणि १९०८ मध्ये दोघांनाही राजद्रोहाखाली अटक झाली. गोपाळ कृष्ण गोखल्यांचा ‘हितवाद’ १९११ चा, म्हणजे संविधानापेक्षा ३९ वर्षांनी मोठा. आपल्याकडे पेपर आधी आले, मतदार नंतर झाला. त्या काळाच्या सवयी दोन्हीकडे टिकल्या. सत्तेला पेपर विरोधकच वाटतो, आणि पेपरला आपण चळवळ चालवतो असं वाटतं, मग पगारपत्रक काहीही सांगो. छपाईचा १८६७ चा ब्रिटिश कायदाच पाहा. तो जाऊन २०२३ चा नोंदणी कायदा १ मार्च २०२४ ला लागू झाला. तोवर पेपरात खाली बारीक अक्षरांत जी ओळ यायची, ‘पीआरबी कायद्यान्वये बातम्यांच्या निवडीची जबाबदारी यांची’, ती त्याच जुन्या कायद्याची.

३. संविधानात वृत्तपत्रस्वातंत्र्य कुठे लिहिलं आहे?

वेगळं कुठेच नाही. अनुच्छेद १९(१)(क) प्रत्येक नागरिकाला अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य देतो, त्यातच पेपरचंही आलं. संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी हीच भूमिका घेतली होती: वृत्तपत्राला नागरिकापेक्षा निराळा हक्क नाही, संपादक लिहितो तो नागरिक म्हणूनच. हे बोलणारा माणूस ‘मूकनायक’, ‘बहिष्कृत भारत’ आणि ‘जनता’ चालवलेला होता. पैसा नसलेल्या समाजाचा पेपर चालवणं म्हणजे काय, हे त्या सभेत त्यांच्याइतकं फार थोड्यांना ठाऊक असेल.

पहिली परीक्षा १९५० मध्येच झाली. मद्रास सरकारने डाव्या ‘क्रॉस रोड्स’वर बंदी घातली, दिल्लीत संघविचाराच्या ‘ऑर्गनायझर’ला मजकूर आधी तपासून घ्यायला सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही आदेश एकाच दिवशी रद्द केले. वर्षभरात, १९५१ मध्ये, पहिली घटनादुरुस्ती झाली आणि ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे निर्बंधाचं नवं कारण १९(२) मध्ये आलं. डावे असोत की उजवे, कायद्याची गाठ दोघांनाही सारखीच पडते, हे विसरलं जातं.

४. पाच-सहा रुपयांत एवढी पानं कशी परवडतात? पेपर चालतो कोणाच्या पैशावर?

तुमच्या नाही. कागद, शाई, छपाई, रात्रीच्या टॅक्सी, विक्रेत्याचं कमिशन आणि पगार धरले तर अंकाचा खर्च छापील किमतीत निघत नाही. फरक जाहिरात भरते. बाकी सगळे दबाव याच फटीतून आत येतात, म्हणून हे उत्तर लांबलं आहे.

एकदा सरकारने यात हात घातला होता. सरकारनेच नेमलेल्या पहिल्या प्रेस कमिशनला (वृत्तपत्र आयोगाला) काळजी होती की मोठे पेपर जाहिरातीच्या जोरावर कमी किमतीत जास्त पानं देतील आणि छोटे मरतील. त्यावरून १९५६ चा किंमत-पृष्ठ कायदा आणि १९६० चा आदेश आला: एवढी किंमत असेल तर एवढीच पानं. पुण्याच्या ‘सकाळ’ने त्याला आव्हान दिलं. १९६१ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने कायदा घटनाबाह्य ठरवला. पानं कमी करायला लावणं किंवा किंमत वाढवायला लावून खप घटवणं म्हणजे अभिव्यक्तीवरच घाव, असं न्यायालयाचं म्हणणं. पुढे १९७२ मध्ये बेनेट कोलमन खटल्यात कागदाच्या कोट्याबरोबर आलेली दहा पानांची मर्यादाही गेली.

हे निकाल बरोबरच होते असं मी मानतो. पानं मोजण्याचा अधिकार सरकारला दिला असता तर आणीबाणीत त्याचं काय झालं असतं, हे सांगायला नको. पण प्रेस कमिशनची काळजीही खोटी नव्हती. स्वस्त विकण्याचं स्वातंत्र्य मिळालं, आणि त्या स्वस्ताईनेच पेपर जाहिरातदाराच्या ओसरीवर नेऊन बसवला. किंमत एक रुपयाने वाढवली की खप शेजारच्या पेपरकडे जाईल, ही भीती नागपूरच्या प्रत्येक मालकाला असते. बर्डीवर पहाटे गठ्ठे सोडणाऱ्या विक्रेत्याला विचारा, तो तेच सांगेल.

कागदाचीही एक गोष्ट. देशातली पहिली न्यूजप्रिंट गिरणी नेपानगरची. तिची स्थापना झाली १९४७ मध्ये, तेव्हा तो भाग मध्य प्रांतात होता आणि राजधानी नागपूर होती. पण मोठ्या दैनिकांचं पोट आयात कागदावरच भरत आलं. २०१९ च्या अर्थसंकल्पात आयात कागदावर १० टक्के शुल्क लागलं, २०२० मध्ये ते ५ टक्क्यांवर आलं. असा एक टक्का इकडेतिकडे झाला की पुरवणीची चार पानं गळतात.

५. सरकारविरुद्ध लिहिलं तर सरकारी जाहिरात बंद होते का?

‘बंद’ असा कागद कोणी काढत नाही. राज्याच्या जाहिराती माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाकडून, केंद्राच्या केंद्रीय संचार ब्युरोकडून जातात, यादी असते, दर ठरलेले असतात. त्रास दिला जातो तो यादीच्या आत राहूनच: वर्गवारीचा अर्ज रेंगाळतो, मोठ्या जाहिरातीत नाव नसतं, झालेल्या जाहिरातीचं बिल अडकतं. मुंबई-पुण्यातल्या मोठ्या समूहाला हे ओरखडे. गडचिरोली, भंडारा, गोंदियात जिथे मोठं दुकान नाही, कारखाना नाही, तिथे निविदा सूचना हेच महिन्याचं उत्पन्न. तिथल्या छोट्या दैनिकाला सहा महिन्यांचं थकलेलं बिल पुरेसं असतं. संपादकाला अशा वेळी प्रेस कौन्सिलकडे, म्हणजे पेपरांबाबतच्या तक्रारी ऐकणाऱ्या संस्थेकडे, सरकारविरुद्ध तक्रार करता येते (प्रश्न १३).

६. आमच्याकडचे पेपर नेत्यांचेच आहेत की! मग त्यात खरं काय शोधायचं?

अर्धं बरोबर आहे. ‘लोकमत’चं दैनिक १९७१ मध्ये नागपुरातून सुरू करणारे जवाहरलाल दर्डा राज्यात मंत्री होते, विजय दर्डा राज्यसभेत, राजेंद्र दर्डा राज्यात मंत्री. ‘हितवाद’चे बनवारीलाल पुरोहित नागपूरचे खासदार होते, पुढे राज्यपाल झाले. ‘तरुण भारत’ संघविचाराचा म्हणून ओळखला जातो. त्याचे संपादक मा. गो. वैद्य पुढे विधान परिषदेत गेले आणि संघाचे प्रवक्तेही झाले. यातलं काहीच गुपित नाही, आणि गुपित नसणं ही जमेची बाजू. ज्या पेपरचा कल माहीत आहे तो वाचताना आपण आपोआप वजाबाकी करतो. मला जास्त भीती वाटते ती ज्याचा मालक कोण हे कळत नाही त्याची, किंवा ज्याचा मुख्य धंदा जमीन, खाण वा शाळा आहे आणि पेपर फक्त हाताशी असावा म्हणून आहे त्याची.

मालक कसा शोधायचा? फेब्रुवारी संपला की मार्चच्या सुरुवातीच्या अंकात एका कोपऱ्यात ‘नमुना ४’ या मथळ्याखाली मालकीची घोषणा छापायची पद्धत १९५६ च्या नियमांपासून आहे. एक टक्क्याहून जास्त भागभांडवल असणाऱ्यांची नावं त्यात येतात. नजर बारीक ठेवावी लागते. ती घोषणा छापताना टाइप नेहमीच लहान होतो.

७. तालुक्यातली खरी बातमी छापून काऊन येत नाही, आणि आमदाराच्या वाढदिवसाची आठ पानं कशी येतात?

दोन्हीचं उत्तर एकच माणूस: तालुका प्रतिनिधी. त्याला मिळतं ते मानधन, बहुतेक वेळा पेट्रोल भागेल एवढं. खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर, आणि दिवाळी, वर्धापनदिन, नेत्याचा वाढदिवस यांना टार्गेट असतं. ज्या बाजार समितीच्या सभापतीकडून शुभेच्छांची अर्धं पान जाहिरात आणायची, त्याच्याच तूर खरेदीतल्या घोळाची बातमी त्याने पाठवायची, अशी ही रचना. त्याला भित्रा म्हणणं सोपं आहे. पण अर्धं पान आणायला पाठवतं ते जिल्हा कार्यालयच.

कायदा त्याच्या मदतीला फारसा येत नाही. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्यात पत्रकार म्हणजे ज्याचा ‘मुख्य व्यवसाय’ पत्रकारिता आहे तो, आणि तालुक्याच्या माणसाचं किराणा दुकान किंवा शेती कागदावर असते. तो हौशी ठरतो.

८. आणि शहरातल्या पत्रकारांचं काय? त्यांना तर वेतन आयोग आहे ना?

मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी ११ नोव्हेंबर २०११ ला अधिसूचित झाल्या, ७ फेब्रुवारी २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने त्या वैध ठरवल्या. तरी अनेक ठिकाणी ‘मला आहे तो पगार मान्य आहे’ अशा कागदावर सह्या घेतल्या गेल्या. २०१७ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की अशा सहीने किमान हक्काचं वेतन सुटत नाही, आणि कंत्राटी कर्मचारीही त्यात येतात. ज्याला पगार हवा त्याने कामगार खात्याकडे दावा लावायचा. म्हणजे नोकरीत राहून मालकाविरुद्ध. ते किती जण करतील याचा अंदाज तुम्हीच करा. १९५५ चा कायदा पुढे संसदेने २०१९-२० मध्ये केलेल्या कामगार संहितांत सामावून घेतला.

वर्षावर्षाच्या करारावर असलेला बातमीदार संपादकाला ‘नाही’ म्हणत नाही, संपादक मालकाला म्हणत नाही. मालक कोणाला म्हणत नाही, ते प्रश्न ४ मध्ये आलं.

९. पेड न्यूज ओळखायची कशी? आणि पकडली गेली तर होतं काय?

ओळखायच्या खुणा: बातमीखाली बातमीदाराचं नाव नाही, उमेदवाराच्या दोषाचा एक शब्द नाही, आकडे नाहीत पण ‘झंझावात’, ‘उत्स्फूर्त प्रतिसाद’ आहे, आणि तोच मजकूर शब्दशः दुसऱ्या पेपरात. ही शेवटची खूण पक्की. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्यावरचे तंतोतंत सारखे लेख स्पर्धक मराठी दैनिकांत आल्याचं पी. साईनाथ यांनी दाखवलं आणि देशभर चर्चा झाली. त्या प्रकरणात निवडणूक आयोगाचा २०१४ चा खर्चाबाबतचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केला, हेही नोंदवलं पाहिजे.

कायद्यात ‘पेड न्यूज’ हा स्वतंत्र गुन्हा नाही. पकड येते ती खर्चाच्या बाजूने. जिल्हा पातळीवरची माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समिती मजकूर तपासते आणि त्याचा खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरते. हिशेब खोटा ठरला तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १०-अ खाली अपात्रता. उत्तर प्रदेशच्या आमदार उमलेश यादव २०११ मध्ये अशा तीन वर्षांसाठी अपात्र ठरल्या. शिक्षा पैसे देणाऱ्याला, पैसे घेणाऱ्या पेपरला जवळपास काही नाही. प्रेस कौन्सिलने यावर दोघांची उपसमिती नेमली होती. तिचा नावांसह सविस्तर अहवाल २०१० मध्ये कौन्सिलनेच बाहेर येऊ दिला नाही, तो २०११ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर खुला झाला. पेपरवाल्यांचं आपसातलं सांभाळून घेणं म्हणतात ते हेच.

१०. अधिवेशनात सभागृहात जे बोललं गेलं ते छापलं, तरी हक्कभंग कसा येतो?

नेहमी येत नाही. अनुच्छेद ३६१-क विधिमंडळाच्या कामकाजाचं बऱ्यापैकी अचूक आणि द्वेषबुद्धीशिवाय केलेलं वृत्त सुरक्षित करतो. आणीबाणीनंतर ४४ व्या घटनादुरुस्तीने तो आला. पण मेख अशी: हे संरक्षण न्यायालयातल्या खटल्यापासून आहे. हक्कभंग ठरवतं सभागृह स्वतः, अनुच्छेद १९४(३) च्या बळावर. आणि अध्यक्षांनी एखादं वाक्य कामकाजातून काढून टाकलं तर ते उच्चारलं गेलं असूनही कागदावर उच्चारलेलं नसतं. बिहारच्या ‘सर्चलाइट’ने असंच काढून टाकलेलं भाषण छापलं होतं, १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सभागृहाची बाजू घेतली. म्हणून विधानभवनात बसलेला जुना बातमीदार गोंधळात काय बोललं गेलं यापेक्षा अध्यक्ष ‘तपासून काढून टाकू’ म्हणाले का, याकडे कान लावून असतो.

११. आणीबाणीसारखी सेन्सॉरशिप पुन्हा येऊ शकते का?

त्याच वाटेने येणं अवघड आहे. तेव्हा ‘अंतर्गत अशांतता’ एवढं कारण पुरत होतं, आणि आणीबाणी लागताच अनुच्छेद १९ आपोआप थांबत होता. ४४ व्या दुरुस्तीनंतर कारण ‘सशस्त्र उठाव’ लागतं, आणि अनुच्छेद १९ फक्त युद्ध वा परकीय आक्रमणाच्या आणीबाणीतच थांबतो. नागपूरने त्या काळातली एक गोष्ट आठवावी: स्थानबद्धांना न्यायालयात दाद मागता येते असं म्हणणाऱ्या उच्च न्यायालयांत मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठही होतं. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते सगळे निकाल फिरवले.

बाकी, जाहिरात, करार आणि खटला हाताशी असताना सेन्सॉर अधिकारी नेमायची गरज कोणाला पडेल, हा वेगळा प्रश्न.

१२. महापालिकेच्या भ्रष्टाचारावर लिहिलं तर महापालिका अब्रुनुकसानीचा दावा लावू शकते का? बातमी खरी असेल तर?

महापालिका म्हणून भरपाईचा दावा नाही. राजगोपाल खटल्यात (१९९४) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकार, स्थानिक संस्था यांना असा दावा करता येत नाही. अधिकाऱ्यालाही त्याच्या कामाबाबतच्या लिखाणावर भरपाई हवी असेल तर लिहिणाऱ्याने खऱ्याखोट्याची पर्वाच केली नाही हे दाखवावं लागतं.

पण फौजदारीचं दार उघडं आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, पूर्वीचं ४९९-५००, २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवलेलं. इथे नुसतं ‘खरं आहे’ पुरत नाही, ते छापणं सार्वजनिक हिताचं होतं हेही दाखवावं लागतं. शिवाय तक्रार वेगळ्या गावच्या न्यायालयात पडली की निकालाआधी तारखाच शिक्षा होतात. छोट्या पेपरचा संपादक वर्षभर एसटीने फेऱ्या मारतो आणि मग एक दिवस खुलासा छापून मोकळा होतो.

१३. चुकीची बातमी आली तर प्रेस कौन्सिलकडे कसं जायचं? ते पेपर बंद करू शकतात का?

नाही. कौन्सिल ताकीद देऊ शकते, नापसंती नोंदवू शकते. दंड नाही, बंदी नाही. आधी संपादकाला लेखी पत्र पाठवा, उत्तर आलं नाही वा पटलं नाही तर दैनिकाच्या बाबतीत बातमी आल्यापासून दोन महिन्यांत कौन्सिलकडे तक्रार. मूळ कात्रण जोडा. ताकदीशिवायची संस्था म्हणून हसू नका. आणीबाणीत ती मोडीत काढण्यात आली होती, १९७८ च्या कायद्याने परत आली.

१४. पत्रकारावर हल्ला झाला तर वेगळा कायदा आहे का?

महाराष्ट्रात आहे. विधिमंडळाने तो २०१७ मध्ये संमत केला, राष्ट्रपतींची संमती मिळून २०१९ मध्ये अमलात आला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, गुन्हा अजामीनपात्र, तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे. खोट्या तक्रारीलाही शिक्षा आहे. अडचण अशी की पोलिस स्टेशनात हे कलम लावून घेण्यासाठीच भांडावं लागतं. आणि कायदा असतानाही फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूरचे शशिकांत वारिशे यांना गाडीखाली चिरडलं गेलं, ते ज्याच्याविरुद्ध लिहीत होते त्या माणसाला अटक झाली.

१५. माझं नाव छापणार नाही असं सांगून पत्रकाराने माहिती घेतली. न्यायालयाने विचारलं तर?

प्रेस कौन्सिलसमोर पत्रकाराला स्रोत सांगण्याची सक्ती नाही, ते कौन्सिलच्या कायद्यातच आहे. न्यायालयासमोर असं पक्कं कवच आपल्याकडे नाही. बहुतेक न्यायाधीश विचारत नाहीत, पण विचारू शकतात. तुम्ही सरकारी नोकर असाल तर आपल्या मोबाइलवरून कागदाचे फोटो पाठवू नका. शक्य असेल तिथे पत्रकाराला कागद कुठे आहे तेवढं सांगा, तो माहिती अधिकारात मागेल. मात्र २०२३ च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातली वैयक्तिक माहितीची तरतूद अशी बदलली आहे की सार्वजनिक हितासाठी माहिती देण्याचा त्या पोटकलमातला अपवाद गेला. आता कलम ८(२) मधल्या सर्वसाधारण हिताच्या मुद्द्यावर अर्ज लढवावा लागतो.

१६. एका साप्ताहिकाचा माणूस दुकानात येऊन ‘जाहिरात द्या, नाहीतर तुमच्याविरुद्ध बातमी लावतो’ म्हणतो. गाडीवर प्रेस लिहिलेलं आहे. आम्ही काय करायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणारा दुकानदार प्रत्येक वेळी ‘पत्रकाराविरुद्ध तक्रार केली तर पेपरवाले सगळे अंगावर येतील’ म्हणून घाबरलेला असतो. येत नाहीत. धमकी देऊन पैसे मागणं ही खंडणी, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८. गाडीवरच्या प्रेसला कायद्यात काही अर्थ नाही. अधिस्वीकृती पत्रिका, म्हणजे पत्रकाराचं सरकारी ओळखपत्र, दाखवली तरी तिने फक्त सरकारी कार्यालयात वावर सोपा होतो, वसुलीचा परवाना मिळत नाही. अंकाची प्रत मागा आणि खालची प्रकाशक-मुद्रकाची ओळ वाचा. ती नसेल तर तिथेच कायदा मोडलेला आहे. नोंदणी क्रमांक पेपरांची नोंदणी करणाऱ्या प्रेस महानिबंधकांच्या संकेतस्थळावर पाहता येतो. अनेकदा शीर्षक नोंदलेलं असतं आणि अंक वर्षानुवर्षं निघालेलाच नसतो. धमकीचा फोन आला असेल तर रेकॉर्डिंग ठेवा, संदेश पुसू नका, आणि पोलिसांत जाताना बाजारातले आणखी दोघं ज्यांच्याकडे तो गेला आहे त्यांना बरोबर न्या. एकट्याच्या तक्रारीवर तो ‘जाहिरातीचा व्यवहार फिसकटला म्हणून राग’ असं सांगून सुटतो.

तुमच्या दुकानात खरोखर काही काळंबेरं असेल, वजनात मारता किंवा बिल देत नसाल, तर मात्र तो दोन्हीकडून धरणार. आधी ते नीट करा, मग ठाण्यात जा.